टीडीएस मीटर नेमकं काय मोजतो? वॉटर फिल्टर निवडताना संशोधनाचा एक धडा



घरात वॉटर फिल्टर घ्यायचं ठरलं की प्रश्न फिरून तुमच्याकडेच येतो. "तू सायन्सला आहेस ना, मग सांग, आरओ घेऊ की यूव्ही?" आपणही लगेच मॉडेल शोधायला लागतो. पण जरा थांबा. या प्रश्नात यंत्र आधी आलंय आणि पाणी नंतर. पीएचडीच्या प्रस्तावातही हेच होतं. विभागात एखादं महागडं उपकरण आलेलं असतं, आणि मग त्याला साजेसा प्रश्न शोधला जातो. म्हणून आज फिल्टरच्या निमित्ताने हा क्रम उलटा करून बघू.

आधी प्रश्न : पाण्यात काय नको आहे?

ढोबळ मानाने तीन गट करा. पहिला गट म्हणजे गाळ, रंग, वास आणि क्लोरीनची चव. दुसरा म्हणजे सूक्ष्मजीव, यात जिवाणू, विषाणू आणि जिआर्डियासारखे एकपेशीय परजीवी आले. तिसरा गट पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचा : कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मीठ, नायट्रेट, फ्लोराइड, क्वचित आर्सेनिक. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

आता विक्रेता घरी येतो आणि पेनासारखा टीडीएस मीटर ग्लासात बुडवतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचं प्रमाण. पण तो मीटर घन पदार्थ मोजतच नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला साधारण 0.5 ते 0.7 च्या दरम्यानच्या एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो.

घरीच करून बघा. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम मीठ टाका, आकडा साधारण हजाराने वर जाईल. दुसऱ्या भांड्यात तेवढीच साखर टाका, आकडा जवळपास जागचा हलणार नाही, कारण साखरेचे आयन होत नाहीत. आता असा विचार करा, की त्या पाण्यात गटाराच्या पाण्याचे दोन-चार थेंब मिसळले. आकड्यात जाणवण्यासारखा फरक पडणार नाही, पण कावीळ किंवा हगवण व्हायला तेवढे थेंब पुरू शकतात. म्हणजे जे मोजणं सोपं आहे ते आपण मोजलं, आणि ज्याने माणूस आजारी पडतो ते तसंच राहिलं.

तांबड्या पाण्याचा प्रयोग

दुसरं एक प्रात्यक्षिक तुम्ही पाहिलं असेल. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून वीज लावतात. नळाचं पाणी तांबडं-काळपट होतं, आरओचं स्वच्छ राहतं. घरातले सगळे हबकतात.

तो गाळ पाण्यातला नसतो, कांडीतला असतो. वीज वाहिली की लोखंडी कांडी झिजते आणि लोहाचा हायड्रॉक्साइड तयार होतो. आरओच्या पाण्यात आयन फार कमी, त्यामुळे वीज नीट वाहत नाही आणि रंगही येत नाही. खरं-खोटं करायचं असेल तर आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा. तेही तांबडं होईल. हाच नियंत्रण प्रयोग, म्हणजे आपण ज्याला कंट्रोल म्हणतो तो. कुठलाही निष्कर्ष ऐकला की विचारायचं : दुसऱ्या कुठल्या कारणाने हेच दिसलं असतं का?

आता यंत्रं

अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन वास, क्लोरीन आणि बरीच सेंद्रिय रसायनं धरून ठेवतो. क्षारांवर त्याचा उपयोग नाही. शिवाय क्लोरीन निघून गेलं की साठवलेल्या पाण्यात जिवाणू पुन्हा वाढू शकतात, म्हणून फिल्टरची टाकी साफ ठेवावी लागते.

यूव्ही दिव्याचे किरण सूक्ष्मजीवांच्या डीएनएची मोडतोड करतात, मग त्यांची वाढ होत नाही. पण पाणी गढूळ असेल तर जंतू गाळाच्या आड लपतात, आणि लाइट गेली की दिवाही बंद.

यूएफच्या पडद्याची छिद्रं साधारण 0.01 ते 0.1 मायक्रॉनची असतात. जिवाणू मायक्रॉनभर लांबीचे, त्यामुळे ते अडकतात. सगळे विषाणू अडकतीलच असं नाही. विरघळलेले क्षार तर सरळ पार होतात.

आरओ हा यातला एकच पडदा क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड मोठ्या प्रमाणात काढतो. पण घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना बरेचदा दोन-तीन लिटर बाहेर टाकतो.

आणि उकळणं? जंतूंसाठी उत्तम. फ्लोराइड, नायट्रेट मात्र त्याने जात नाहीत. उलट वाफ गेल्यामुळे थोडे दाटच होतात.

जाहिरातीतला '99 टक्के' हा आकडाही तपासून घ्या. दहा लाख जिवाणूंतले 99 टक्के गेले तरी 10,000 उरतात. 99.9999 टक्के गेले तर एक उरतो. दशांश चिन्हापुढचे नऊ शोभेसाठी नसतात.

मग कुणी काय घ्यावं?

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500, 2012 सालचं, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा 500 मिलिग्रॅम प्रति लिटर देतं. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालतं. याच मानकात फ्लोराइड 1.0, फार तर 1.5, आणि नायट्रेट 45. ई. कोलाय जिवाणू 100 मिलिलिटरमध्ये एकही नको.

मुंबईला भातसा-वैतरणा-तानसाचं, पुण्याला खडकवासल्याचं धरणाचं पाणी येतं. त्यात क्षार मुळात कमी. इथे काळजी असते ती गळक्या पाइपची आणि सोसायटीच्या न धुतलेल्या टाकीची, म्हणजे दुसऱ्या गटाची. त्यासाठी गाळणी, कार्बन आणि यूव्ही किंवा यूएफ एवढं सहसा पुरतं. राष्ट्रीय हरित लवादानेही 2019 मध्ये 500 च्या खाली टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करावी असं सुचवलं होतं.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात चित्र उलटं. तिथलं बोअरचं पाणी चवीलाच खारं, तिथे आरओची गरज खरी आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड आहे. ते ना चवीला कळतं ना मीटरला. टीडीएस 450 दाखवत असेल आणि फ्लोराइड 2 असेल, तर 'पाचशेच्या आत आहे, चालेल' म्हणणाऱ्या घरातल्या लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायल्यावर हाडंही धरतात.

म्हणून बोअर किंवा विहीर असेल तर यंत्राआधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करा. किमान टीडीएस, काठिण्य, फ्लोराइड, नायट्रेट आणि जिवाणू एवढं तपासायला सांगा. जिवाणूंचा नमुना त्यांच्याच निर्जंतुक बाटलीत घ्या आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा तपासलंत तर उत्तम, कारण एका नमुन्यावरून वर्षभराचं पाणी कळत नाही.

यंत्र घेताना वर्षाचा खर्चही विचारा : कँडल, दिवा, पडदा किती महिन्यांनी बदलायचा आणि तुमच्या गावात तो बदलून देणारं कोण आहे. आरओ घेतलात तर बाहेर पडणारं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला ते चालतं.

आता तुमच्या प्रस्तावाचं पहिलं पान उघडा. तुम्ही जे मोजणार आहात, ते आणि तुम्हाला जे जाणून घ्यायचंय, ते एकच आहे का? नसेल तर दोन्हींतलं नातं कशाच्या आधारावर धरलंय, हे एका वाक्यात लिहून बघा. वाक्य जमेना, तर मार्गदर्शकांकडे जायच्या आधी मोजायची गोष्ट बदला.