हार्डवेअरचं मानक एक झालं, मग शेअरचं काय?

भिवंडीत दोन प्रकारचे यंत्रमागवाले आहेत. एक स्वतःचं सूत घेऊन कापड विकतो. दुसरा व्यापाऱ्याचं सूत जॉबवर विणून देतो आणि पिकाच्या (आडव्या धाग्याच्या) भावाने मजुरी घेतो. बाजारातली एकच बातमी या दोघांना वेगवेगळी लागू होते, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर घेताना मात्र हाच फरक विसरला जातो.

गैरसमज : हार्डवेअरची मानकं एकत्र आली की सॉफ्टवेअर कंपनीचा नफा वाढतोच.

वस्तुस्थिती : कंपनी पैसे कशाचे घेते, त्यावर ते ठरतं. मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी 4.0 1996 मध्ये आली ती इंटेल, मिप्स, अल्फा आणि पॉवरपीसी अशा चार जातींच्या प्रोसेसरसाठी. प्रत्येकासाठी वेगळी बांधणी, वेगळी चाचणी, वेगळे ड्रायव्हर. 2000 मध्ये विंडोज 2000 बाजारात आली तेव्हा उरली फक्त इंटेल पद्धतीची यंत्रं. परवाने विकणाऱ्या कंपनीचा तेवढा खर्च वाचला. पण एका यंत्रावरचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर नेऊन देण्याची मजुरी घेणाऱ्या कंपनीचं काम अशा वेळी आटतं. आपल्या बहुतेक मोठ्या आयटी कंपन्या सेवा विकतात, म्हणून हा प्रश्न इथल्या गुंतवणूकदाराने आधी विचारायला हवा.

मानक एक झाल्याचा फटका एखाद्या उत्पादनालाही बसतो. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड जुन्या लोकांना आठवत असेल. डॉसच्या काळात ते संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. पुढे युनिकोड हे अक्षरांचं सामाईक मानक रुजलं, विंडोज 2000 मध्ये मराठीची सोय आतच आली आणि वेगळ्या कार्डाची गरज संपली. सी-डॅक सरकारी संस्था, त्यामुळे कुणा भागधारकाला झळ बसली नाही. अशाच एका कार्डावर उभ्या असलेल्या खासगी कंपनीच्या भागधारकांना ती बसली असती.

गैरसमज : घोषणा झाली म्हणजे मानक लागू झालं.

वस्तुस्थिती : ॲपल, आयबीएम आणि मोटोरोलाने 1995 मध्ये पॉवरपीसीच्या संगणकांसाठी सामाईक आराखडा जाहीर केला. 1997 मध्ये ॲपलनेच आपली प्रणाली इतर कंपन्यांच्या संगणकांना देणं थांबवलं आणि आराखडा बाजारात रुजलाच नाही. घोषणेच्या दिवशी चढलेल्या भावात शेअर घेण्याची घाई म्हणूनच नको.

त्याऐवजी वार्षिक अहवाल उघडा. एखाद्या ग्राहकाकडून 10 टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न येत असेल, तर इंड-एएस 108 या लेखामानकानुसार शेअर बाजारात सूचिबद्ध कंपनीला ते सांगावं लागतं. असा ग्राहक हार्डवेअर बनवणारा असेल, तर त्याचं मानक टिकणार की दुसऱ्यात विरणार, हे तपासल्याशिवाय पैसे टाकू नका.