व्हरांडा कुणाच्या हिशोबात?

सकाळी 8.30
नेपियर टाउनमधून निघताना पिशवीत टेप, लेझर मीटर आणि इमारतीचा जुना नकाशा. जबलपूरच्याच एका दूरध्वनी केंद्रात टपाल कार्यालयासाठी तळमजल्याचा हॉल भाड्याने घ्यायचाय. मी टपालाच्या बाजूचा अभियंता. 1985 पर्यंत डाक-तार हे एकच खातं होतं, आपसांत भाड्याचा प्रश्नच नव्हता. पुढे खाती वेगळी झाली, 2000 मध्ये दूरसंचार सेवेची कंपनी झाली. आता तिला जागेचे पैसे हवेत, आणि ते रास्तच आहे.

9.45
हॉल रिकामा. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजला असे हॉल कमी पडायचे. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा थोड्याशा कपाटांत मावली. त्यात 31 जानेवारी 2020 ला कंपनीचे देशभरातले 78 हजारांवर कर्मचारी एकदम स्वेच्छानिवृत्त झाले. टेबलंही ओस पडली.

10.30
कंपनीच्या टिपणात हॉल 140 चौरस मीटर. माझं माप 12 बाय 9, म्हणजे 108. फरक भिंतींचा आणि व्हरांड्याचा. आयएस 3861 या मानकानुसार चटईक्षेत्रात हे दोन्ही धरत नाहीत. मी मानकाची प्रत पुढे केली. समोरचा तरुण अभियंता मराठीच, इथेच वाढलेला. म्हणाला, "काका, पण व्हरांड्यात रांग तुमचीच लागणार ना?"

खरं होतं त्याचं. व्हरांड्याचं भाडं देणार नाही, पण झाडलोट आणि दिव्यांच्या खर्चात वाटा देऊ, असं लिहून घेतलं. मालकी एक, वापर दुसरा. दोन्ही एका आकड्यात कोंबले की पुढची दहा वर्षं पत्रव्यवहार चालतो.

दुपारी 1.30
डबा खाताना सामाईक जागांचाच विचार. बर्लिनमध्ये पाच नॉर्डिक देशांचे दूतावास 1999 पासून एकाच आवारात आहेत. प्रत्येकाची इमारत स्वतंत्र, आणि प्रदर्शनं-सभांसाठी सामाईक इमारतही वेगळी. आमचं सामाईक सगळं एकमेकांत गुंतलेलं.

2.15
वीज. मीटर एकच. बिल क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटू, असा त्यांचा प्रस्ताव. मी ठाम नकार दिला. एक्स्चेंजचं वातानुकूलन आणि बॅटऱ्यांचं चार्जिंग चोवीस तास. आमचे पंखे, दिवे, संगणक दिवसापुरते. स्वतंत्र सबमीटर बसवायचं ठरलं. जनरेटरच्या डिझेलचा वाटा मात्र वीज गेलेल्या तासांवर आणि आमच्या जोडभारावर.

4.00
मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा: रॅम्प. जोतं 60 सेंटिमीटर उंच. पेन्शन घ्यायला येणाऱ्या आजीबाईंनी पायऱ्या का चढाव्यात? एकास बारा उतार धरला तर 7.2 मीटर लांबी लागते, म्हणजे त्यांच्या दोन गाड्यांची जागा जाते. अर्धा तास अडलो. शेवटी रॅम्प आम्ही बांधायचा, खर्च भाड्यातून वळता करायचा, आणि गाड्या मागच्या बाजूला.

5.45
इतिवृत्तावर दोघांच्या सह्या. दर अजून मोकळा आहे: जमिनीची किंमत आणि इमारतीचं घसारा वजा जाता मूल्य काढून भाडे समिती तो सुचवेल, मग फाइल वित्त शाखेकडे.