चॉकलेटी पट्टा

घर रंगवायचं ठरलं की आमच्याकडे आधी भांडण होतं आणि मग रंग ठरतो. या वेळी सासूबाईंनी भांडणाला जागाच ठेवली नाही. शेडकार्ड हातातही न घेता म्हणाल्या, ‘‘अगं, हॉलला गडद तपकिरी लावू या. वाईच्या घरासारखा.’’

वाईचं घर म्हटलं की मला आठवतात ते तेलपाणी होऊन काळपट झालेले सागवानी खांब. तो रंग डोंबिवलीच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये डब्यातून आणायचा होता. रंगारी म्हणाला, ‘‘ताई, खोलीची गुहा होईल.’’ पण ऐंशी वर्षांच्या बाईला नाही कोण म्हणणार? चारही भिंती तपकिरी झाल्या.

दिवसा बरं वाटलं. संध्याकाळी ट्यूब लावली आणि भिंती चिखलासारख्या दिसू लागल्या. गडद रंग उजेड परत देत नाही, गिळतो. पांढऱ्या उजेडात तपकिरीतली लाली मरते, पिवळ्या दिव्यात ती पुन्हा दिसते. त्यात ऑइलपेंट चकचकीत, त्यामुळे गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा डोळ्यांत भरायला लागला. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावर मी विसंबले, ही माझी चूक. दोन फुटांचा तुकडा भिंतीवरच रंगवून तो सकाळी, दुपारी, रात्री पाहायला हवा होता.

खरा घोळ चौथ्या रात्री झाला. सासूबाई शोकेसच्या कोपऱ्यावर आदळल्या, कपाळाला खोक पडली. शोकेसही तपकिरीच! त्यांना काचबिंदू आहे, नजरेचा घेर आक्रसत चाललाय. गडदावर गडद आलं की अशा नजरेला वस्तू दिसतच नाही. हे मला आधी सुचू नये?

टाके घालून आल्यावर मी चिडूनच म्हटलं, ‘‘आई, तुम्हीच तर हा रंग मागितलात!’’

‘‘मी पट्टा मागितला होता गं. वाईला खाली कमरेइतकी काव आणि वर चुना नव्हता का? दिवे गेले तरी त्या पट्ट्याच्या कडेकडेनं न्हाणीघरापर्यंत जायचो आम्ही.’’

मी खांब पाहिले होते, भिंत पाहिलीच नव्हती. चाळीतल्या भिंतींनाही खाली तीनेक फूट ऑइलपेंट असायचा. टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याचं तेल आणि फरशी पुसतानाचे शिंतोडे त्यावर खपून जायचे. आपण त्याला जुनाट म्हणून हसलो.

पुन्हा रंगारी, पुन्हा खर्च. गडदावर फिका चढवायला प्रायमर आणि वर तीन हात लागले. चौकटींवर जुन्या ऑइलपेंटचे थर होते. ते कोरडे घासू नका, असं मी बजावलं. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीच्या रंगांची धूळ लहान मुलांना विशेष घातक. पाणी मारून घासलं आणि नातवाला चार दिवस आजोळी धाडलं.

आता खाली तीन फूट चॉकलेटी, वर सायीचा रंग. चौकटी गडद, दारं फिकी. स्विचबोर्डाभोवती तपकिरी कड. शोकेस मात्र मी विकून टाकलं.

रात्री दोनच्या सुमारास भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज येतो. मी पडल्या पडल्या ऐकते, न्हाणीघराची कडी वाजली की कूस बदलते. सकाळी पट्ट्यावर खोबरेल तेलाचे पंजे उमटलेले असतात. ओल्या फडक्यानं निघतात.