रॅलीचं इंजिन : भाग ९
फेसिंगच्या आधी ब्युरेट

कॅमशाफ्ट या आठवड्यात येत नाही. लिफ्ट, ड्युरेशन, ओव्हरलॅप, सगळं लिहून तयार होतं. पण साताऱ्याच्या एका वाचकाने असा प्रश्न पाठवला आहे, की त्याला बगल देऊन कॅमकडे गेलो तर पुढचे दोन भाग अधांतरी लटकतील. त्यांनी आपल्या जिप्सीच्या हेडला एक मिलिमीटर फेसिंग मारून आणलं. मशीन शॉपवाल्याने सांगितलं, कॉम्प्रेशन अकरा झालं. आता कोणता कॅम घ्यावा, असं ते विचारतात.

अकरा झालेलं नाही. साधारण सव्वादहा झालं असावं. आणि तेही मी ‘असावं’ म्हणतोय, कारण कोणीच काही मोजलेलं नाही.

आकडेमोड शाळेतली आहे. आपल्या इंजिनाचा बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५. एका सिलिंडरची क्षमता ३२४.७ सीसी, चारांची मिळून १२९८. पिस्टन टॉपला असताना त्याच्या डोक्यावर जी जागा उरते, तिच्यात चार हिस्सेदार असतात : हेडमधलं चेंबर, गॅस्केटची जाडी, पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा जितका खाली थांबतो ती फट, आणि पिस्टनच्या डोक्यावरचा खळगा. उदाहरणादाखल एक संच घेऊ. चेंबर २९ सीसी. गॅस्केट दाबल्यावर १.२ मिलिमीटर आणि तिचं भोक ७५.५, म्हणजे ५.४ सीसी. पिस्टन ०.४ मिलिमीटर खाली, म्हणजे १.७. खळगा २. बेरीज ३८.१ सीसी. कॉम्प्रेशन रेशो झाला ९.५.

आता हेडला एक मिलिमीटर फेसिंग मारा. चेंबरचं तोंड बोअरएवढं पूर्ण गोल नसतं. दोन बाजूंनी सपाट पट्टे आत आलेले असतात. तोंडाचं क्षेत्रफळ बोअरच्या तीन चतुर्थांश धरलं तर एका मिलिमीटरने जेमतेम ३.२ सीसी जातात. उरले ३४.९. रेशो १०.३. अकरावर जायचं तर वरची जागा ३२.५ वर आणावी लागते, म्हणजे ५.६ सीसी काढावे लागतात. चहाच्या चमच्यात पाच सीसी मावतात. साडेनऊ आणि अकरा यांच्यात एवढंच अंतर आहे. म्हणूनच ते अंदाजाने काढता येत नाही.

मशीन शॉपवाल्याचा फार दोष मानू नका. नाना पेठेपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरापर्यंत ‘एक मिलिमीटरला दीड पॉइंट’ असले ठोकताळे चालतात, आणि एखाद्या वेगळ्या इंजिनाला ते बरोबरही असतील. चूक ठोकताळ्यात नाही, ब्युरेट न वापरण्यात आहे.

ब्युरेट हा माझा आवडता विषय, त्यामुळे जरा रेंगाळतो. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात पन्नास मिलिलिटरची ब्युरेट आणि स्टँड मिळतो. पाट्या रंगवणाऱ्याकडून दहा मिलिमीटर जाड अ‍ॅक्रिलिकचा हातभर नको, वीतभर तुकडा घ्या आणि त्याला दोन बारीक भोकं पाडा : एक तेल ओतायला, दुसरं हवा निघायला, आणि हे दुसरं चेंबरच्या अगदी कडेला येईल असं. हेड उलटं ठेवा. गाडीत जो प्लग लावणार तोच प्लग बसवा, कारण प्लगच्या नाकाशीही थोडी जागा असते. व्हॉल्व्ह हलक्या स्प्रिंगवर, सीटला ग्रीसचं बोट. चेंबरभोवती ग्रीसची रेघ काढून अ‍ॅक्रिलिक दाबून बसवा. द्रव म्हणून मी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल पातळ करून वापरतो. पूर्वी रॉकेल घालायचो, आता रॉकेल मिळेनासं झाल्यापासून डिझेल. गंज धरत नाही आणि लाल रंग स्वच्छ दिसतो.

हेड हवेच्या भोकाच्या बाजूने किंचित वर उचललेलं हवं. ब्युरेटची तोटी उघडली, की लाल रंग प्लगभोवती जमतो, व्हॉल्व्हच्या कडा बुडतात आणि शेवटी काचेखाली एक बुडबुडा उरतो. तो हट्टी असतो. हेड बोटभर इकडे, बोटभर तिकडे कलवत त्याला भोकापर्यंत न्यावं लागतं. तो बाहेर पडला आणि तेल भोकाच्या काठाला टेकलं, की तोटी बंद. डोळा तेलाच्या पातळीशी आणून खालच्या वक्राशी आकडा वाचा. मग पाच मिनिटं थांबून पुन्हा बघा. पातळी उतरली असेल तर एखादा व्हॉल्व्ह गळतोय, आणि ते इंजिन बांधून झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

पिस्टनच्या खळग्यासाठी युक्ती आणखी सुंदर आहे. डायल गेज लावून पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागाखाली बरोबर दहा मिलिमीटरवर आणा. गेजचा पाय गजन पिनच्या रेषेवर ठेवा. कडेला ठेवलात तर पिस्टन डुलतो आणि आकडा फसवतो. पिस्टनच्या कडेची फट ग्रीसने भरा, वर अ‍ॅक्रिलिक, आणि तेल सोडा. ७४ च्या बोअरमध्ये दहा मिलिमीटर उंचीला ४३.० सीसी मावले पाहिजेत. ४५ मावले, तर जास्तीचे दोन म्हणजे खळगा. व्हॉल्व्हसाठी पिस्टनवर खाचा असतील तर त्याही यातच मोजल्या गेल्या.

चारही चेंबर मोजा. कारखान्यातून आलेल्या हेडमध्येही ती एकसारखी नसतात. आधी लहान चेंबरं घासून मोठ्याच्या बरोबरीला आणा, मग फेसिंग. आणि हे सगळं सीट कटिंगनंतर. सीट कापली की व्हॉल्व्ह आत जातो आणि चेंबर वाढतं. आधी मोजून नंतर सीट कापणारे लोक मी बघितले आहेत.

आता मूळ मुद्दा. अकराच का हवेत? साडेनऊवरून साडेदहावर गेल्याने मिळणारा थेट फायदा फार तर अडीच-तीन टक्के, ऐंशी हॉर्सपॉवरच्या इंजिनात दोनेक. तेवढ्यासाठी कोणी हेड कापू नये. खरं कारण कॅमचं आहे. पिस्टन खालून वर निघाल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो, आणि तो मिटेपर्यंत काहीही दाबलं जात नाही. साध्या कॅममध्ये तो समजा ५० अंशांवर मिटतो. त्यानंतर उरणारा स्ट्रोक साधारण साडेपासष्ट मिलिमीटर. रॅलीचा कॅम तो ७० अंशांपर्यंत उघडा ठेवतो, उरतात छपन्न. वरच्या आरपीएमला हवेच्या वेगामुळे सिलिंडर तरीही भरतो. पण घाटातल्या हेअरपिनमधून अडीच हजारांवर बाहेर पडताना भरलेलं मिश्रण उलटं इनटेकमध्ये ढकललं जातं. हिशेब करा : साडेनऊच्या इंजिनात साध्या कॅमने प्रत्यक्ष दाबलं जातं ८.४ पटीने. तोच ब्लॉक, तेच हेड, रॅलीचा कॅम : ७.३. गाडी खाली मेलेली. वरची जागा ३२.५ सीसीवर आणली, म्हणजे तुमचे ते अकरा केले, की पुन्हा ८.४. अकराचा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं श्रेय मशीन शॉपवाल्याला द्यायला हवं.

तर ५.६ सीसी काढायचे कुठून? इथे माझं मत ठाम आहे : आधी ब्लॉक, मग गॅस्केट, सर्वांत शेवटी हेड. कारण स्क्विश. चेंबरचे जे सपाट पट्टे आत आलेले असतात, त्यांच्याखाली पिस्टन टॉपला येताना मिश्रण कडेतून प्लगकडे पिचकारीसारखं फेकलं जातं. ही फट एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर मिश्रण घुसळून निघतं आणि भराभर जळतं. आपल्या उदाहरणात ती १.६ आहे. नुसतं हेड कापलंत तर पट्टाही चेंबरसोबत खाली सरकतो आणि फट १.६ ची १.६ च राहते. कॉम्प्रेशन वाढलं, पण कोपऱ्यातलं मिश्रण सुस्त राहिलं. ज्योत पोचण्याआधी तेच आपोआप पेटतं. यालाच आपण इंजिन नॉक मारतंय म्हणतो.

ही दोन्ही कोडी सोडवणारा माणूस एकच. हॅरी रिकार्डोने पहिल्या महायुद्धानंतर असं सिंगल सिलिंडर इंजिन बांधलं, की चालू असतानाच त्याचा कॉम्प्रेशन रेशो बदलता यायचा. रेशो हळूहळू वाढवायचा, कुठे नॉक सुरू होतो ते बघायचं, मग पेट्रोल बदलून पुन्हा तेच. इंधनांची खरी तुलना त्यातून सुरू झाली. ऑक्टेनचा आकडा पुढे आला. त्याच काळात त्याने साइड व्हॉल्व्ह इंजिनाच्या हेडचं छत एका बाजूने पिस्टनच्या अगदी जवळ आणलं आणि मिश्रण घुसळायला लावलं. आपला स्क्विश तिथला. साठेक वर्षांनी, १९८१ मध्ये, मायकेल मे या स्विस इंजिनिअरच्या चेंबरवर जॅग्वारने बारा सिलिंडरचं रस्त्यावरचं इंजिन साडेबारा कॉम्प्रेशनवर चालवून दाखवलं, तेही पेट्रोल वाचवण्यासाठी.

म्हणून ब्लॉकच्या पृष्ठभागावरून ०.४ मिलिमीटर काढा. पिस्टन बरोबर काठाशी येतो. १.७ सीसी गेले, स्क्विश १.२. गॅस्केट ०.९ ची स्टीलची मिळाली तर आणखी १.३. उरलेले २.६ हेडमधून, म्हणजे ०.८ मिलिमीटर. सगळंच हेडमधून काढायचं तर पावणेदोन मिलिमीटर कापावं लागलं असतं, आणि इतक्या पातळ केलेल्या हेडवर मी तरी स्पेशल स्टेजला उभा राहणार नाही. स्क्विश ०.९ च्याही खाली नेऊ नका. आठ हजारांवर रॉड ताणला जातो आणि पिस्टन हेडला शिवतो. वर्गाचे नियमही आधी वाचा : स्टॉक क्लासमध्ये यातलं काहीही चालत नाही.

साताऱ्याच्या गाडीत एक मिलिमीटर आधीच गेला आहे. तिथे आता फक्त ब्लॉकचे ०.४ आणि पातळ गॅस्केट : वरची जागा ३१.९, रेशो ११.२. जरा जास्त, पण जमण्यासारखं, इंधन चांगलं असेल तर.

इंधनाचं थोडक्यात. साधं बीएस-६ पेट्रोल ९१ ऑक्टेनचं. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ पर्यंत गेलं. इथेनॉलला शिव्या देणाऱ्यांनी निदान हे मान्य करावं. मात्र त्याला मिश्रण जास्त श्रीमंत लागतं, तेव्हा जुना मॅप तसाच ठेवू नका. इंडियन ऑइलचं शंभर ऑक्टेन २०२० च्या डिसेंबरात आलं, पहिल्या शहरांत मुंबई-पुणे होतंच. पण स्टेजजवळच्या गावच्या पंपावर ते मिळेल असं धरून इंजिन बांधू नये. दुसरं म्हणजे उंची. पुण्यात हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा टक्क्यांनी कमी. कात्रजच्या घाटात निमूट चालणारं इंजिन गोव्याला उतरलं की नॉक मारू शकतं, म्हणून इग्निशनची शेवटची जुळणी समुद्रकाठी करावी. आणि रॅलीत नॉक ऐकू येईल या भ्रमात राहू नका. हेल्मेट, इंटरकॉम आणि तळाला बडवणारी खडी यांत काहीही ऐकू येत नाही. प्लग काढून पांढरी पोर्सेलिन भिंगाखाली बघा. तिच्यावर मिरपुडीसारखे काळे किंवा चमकते ठिपके असतील, तर चमकणारे तुमच्या पिस्टनचे आहेत.

पुढच्या आठवड्यात कॅम, नक्की. त्याआधी एक काम करून ठेवा. हेड आणि ब्लॉक मिळून १.२ मिलिमीटर कमी झाले, की कॅम क्रँकच्या तेवढा जवळ येतो आणि टायमिंग बेल्टमुळे कॅम क्रँकच्या हिशेबाने दोनेक अंश मागे पडतो. खाचेत बसणाऱ्या मूळ पुलीने तो पुढे आणता येत नाही. तेव्हा अ‍ॅडजस्टेबल पुली आत्ताच मागवा. आणि मुलांच्या खेळण्यातली क्ले आणून ठेवा, व्हॉल्व्ह पिस्टनला किती जवळून जातो ते तिच्यावर छाप घेऊनच बघायचं आहे.