वरच्या पोटाची सैल कातडी : शस्त्रक्रियेआधी काय जाणून घ्यावे?

चौसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या जुन्या रुग्ण. गुडघ्यांसाठी वजन उतरवा, असे मीच त्यांना सांगितले होते. त्यांनी दोन वर्षांत नेटाने वीस किलो वजन कमी केले. गुडघे सावरले, रक्तदाब उतरला. मात्र एके दिवशी मुलासोबत आल्या, तेव्हा त्या खिन्न होत्या. छातीखालची कातडी दोन वळ्यांनी लोंबू लागली होती. उन्हाळ्यात त्या वळ्यांत चट्टे उठत आणि आग होई. त्यांना प्लास्टिक सर्जनकडे जायचे होते. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, या वयात हे कसले खूळ? तुम्हीच समजवा आईला.”

मी आधी मुलालाच समजावले. साठीनंतर आपले शरीर नीटनेटके असावे असे वाटणे हे खूळ नव्हे. प्रश्न वयाचा नाही. या शरीराला कोणती शस्त्रक्रिया झेपेल आणि तिच्यातून खरोखर काय साधेल, हा आहे.

कातडी सैल का पडते?

त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन आणि लवचिकपणा देणारे इलॅस्टिन हे दोन तंतू वयानुसार कमी होतात. त्यात बाळंतपणे आणि वजनातील चढउतार यांची भर पडते. फार ताणलेली त्वचा पुन्हा पूर्ववत आक्रसत नाही. व्यायामाने स्नायू बळकट होतात, चरबी घटते. लोंबलेली कातडी मात्र व्यायामाने किंवा मलमाने नाहीशी होत नाही.

एक इशारा येथेच द्यायला हवा. प्रयत्न न करता वजन घटून कातडी सैल पडली असेल, तर सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून आधी तपासणी करावी. अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचा विकार, क्षयरोग किंवा कर्करोग यांचे ते पहिले लक्षण असू शकते. तसेच वरच्या पोटाचा प्रत्येक फुगवटा म्हणजे सैल कातडी नव्हे. उताणे झोपून डोके उचलताना बेंबीच्या वर मधोमध उंचवटा दिसला, तर पोटाचे स्नायू दुरावलेले असतील किंवा हर्निया असेल. पोटात पाणी झाल्यानेही पोट फुगते. म्हणून प्रथम हात लावून तपासणी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी.

पर्याय कोणते?

*लायपोसक्शन* : यात नळीने चरबी ओढून काढतात, कातडी काढत नाहीत. उतारवयातील सैल त्वचेवर हे केल्यास कातडी अधिकच लोंबू शकते.

*पूर्ण अॅब्डोमिनोप्लास्टी* : ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेऊन वरची कातडी सोडवून खाली ओढतात, जादा भाग कापतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. दुरावलेले स्नायूही याच वेळी शिवता येतात. वरची आणि खालची, दोन्हीकडची कातडी सैल असेल तेव्हा ही उपयोगी. हिचाच छोटा प्रकार मात्र केवळ बेंबीखालच्या भागासाठी असतो. वरच्या पोटाला त्याचा लाभ होत नाही.

*उलटी अॅब्डोमिनोप्लास्टी* : यात कातडी वरच्या दिशेने ओढतात. व्रण स्तनांखालच्या घडीत राहतो. सैलपणा प्रामुख्याने बेंबीच्या वर असेल, अशा निवडक रुग्णांसाठी ही पद्धत आहे.

*उभा-आडवा छेद* : फार मोठ्या प्रमाणात वजन उतरलेल्यांत कातडी आडवी आणि उभी, दोन्ही बाजूंनी जास्त असते. तेव्हा पोटाच्या मध्यावर उभा छेदही घ्यावा लागतो. तो व्रण कायम दिसतो.

यंत्राने उष्णता देऊन त्वचा घट्ट करण्याचे उपचारही आहेत. थोड्या सैलपणात थोडा फरक पडतो. लोंबणाऱ्या वळीसाठी ते शस्त्रक्रियेची जागा घेऊ शकत नाहीत.

धोके

जाहिरातींत ‘छोटीशी प्रक्रिया’ म्हटले, तरी पूर्ण अॅब्डोमिनोप्लास्टी ही बहुधा संपूर्ण भूल देऊन केली जाणारी, काही तासांची मोठी शस्त्रक्रिया आहे. जखमेत पाणी साठणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, कातडीचा काही भाग मरणे, बधिरपणा हे तिचे धोके. पायातील रक्तवाहिनीत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा सर्वांत गंभीर. मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो. तंबाखूने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो. त्यात मिश्रीही आली. ती किमान चार आठवडे आधी बंद हवी आणि जखम भरेपर्यंत बंदच राहावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून कधीही थांबवू नयेत. हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवावे.

जुने व्रण सर्जनला आवर्जून दाखवावेत. आमच्या बाईंच्या उजव्या बरगडीखाली, पंचवीस वर्षांपूर्वी पोट उघडून पित्ताशय काढल्याचा लांब व्रण होता. अशा व्रणाने कातडीचा वरून येणारा रक्तपुरवठा आधीच तुटलेला असतो. ती कातडी सोडवून खाली ओढली, तर व्रणाखालचा भाग काळा पडून मरण्याचा धोका वाढतो. त्यांनी ज्या जाहिरातीवरून चौकशी केली होती, तेथे फोनवर कोणीही या व्रणाविषयी विचारले नव्हते.

निर्णय घेताना

वजन निदान सहा महिने स्थिर असावे. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे का, हे निःसंकोच विचारावे. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा साधारणतः देत नाही. घरच्यांनीही तयारी ठेवावी : सुरुवातीचे काही दिवस वाकून चालावे लागते, नळ्या असू शकतात, पोटपट्टा बांधावा लागतो आणि सुमारे सहा आठवडे जड उचलता येत नाही.

शस्त्रक्रिया नको असेल, तर वळ्या रोज धुऊन टिपून कोरड्या कराव्यात, मध्ये स्वच्छ सुती कापड ठेवावे आणि चट्टे उठल्यास वेळीच औषध घ्यावे.

आमच्या बाई एका अनुभवी प्लास्टिक सर्जनला भेटल्या. त्यांनी व्रण पाहून धोका स्पष्ट सांगितला. आठवडाभर विचार करून बाईंनी शस्त्रक्रिया न करण्याचे ठरवले. “वाईट वाटतंच,” त्या म्हणाल्या, “पण आता निर्णय माझा आहे.” चट्टे औषधाने आणि निगेने आटोक्यात आले. पुढच्या भेटीत मुलाने स्वतःच विचारले, “आईसाठी सुती कापड कुठलं घेऊ?” त्याच्या तोंडून ‘खूळ’ हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही.