स्वस्त तिकीट म्हणजे स्वस्त प्रवास?

कोणत्या कंपनीची रेल्वे चांगली, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. इटलीत मात्र तो रोज पडतो. २८ एप्रिल २०१२ पासून तिथे सरकारी 'ट्रेनइटालिया'समोर 'इटालो' ही खासगी कंपनी हायस्पीड गाड्या चालवते. रूळ सरकारी कंपनीचे, आणि ते वापरायचं भाडं दोघीही भरतात. मग चुरस उरते ती तिकीट आणि सेवेची.

रोम-मिलान प्रवास साधारण तीन तासांचा. दोघींचे दर विमानासारखे वरखाली होतात : आधी काढलं तर स्वस्त, आयत्या वेळी महाग. म्हणून नुसता आकडा बघून तुलना करण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं. तारीख, वर्ग आणि रद्द करण्याच्या अटी सारख्या हव्यात. सगळ्यात स्वस्त तिकिटावर पैसे सहसा परत मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट स्टेशनची. सुरुवातीला इटालो मिलानच्या मुख्य स्टेशनाऐवजी पोर्ता गारिबाल्दीला थांबायची. तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत घातले, तर कमावलं काय?

तिसरी गोष्ट उशिराची. युरोपीय नियमांनुसार गाडीला एक तास उशीर झाला तर पाव आणि दोन तास झाला तर निम्मं भाडं मागता येतं. म्हणजे वक्तशीरपणालाही किंमत आहे!

थोडक्यात माझं सूत्र :
खरा खर्च = तिकीट + स्टेशनपर्यंतचा खर्च + बेत बदलला तर बुडणारे पैसे.

सीट, वाय-फाय वगैरे त्यानंतर. सुट्टीत घरी जाताना एसटी आणि ट्रॅव्हल्सच्या बसला हेच सूत्र लावून बघा.