व्हिडिओ खेळांचे बहुयंत्रीय प्रकाशन

परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दोन वा अधिक उत्पादकांच्या खेळयंत्रांसाठी (कन्सोलांसाठी) एकाच व्हिडिओ खेळाच्या स्वतंत्र आवृत्त्या तयार करून त्यांची एका नावाने जाहिरात व विक्री करण्याच्या पद्धतीस बहुयंत्रीय प्रकाशन म्हणतात. ग्रंथाची बांधणी बदलली, तरी मजकूर तोच राहतो. व्हिडिओ खेळाच्या बाबतीत तसे नसते. प्रत्येक यंत्राचा प्रक्रियक, स्मृती व चित्रनिर्मितीची रीत निराळी असल्याने एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर जशीच्या तशी चालत नाही. तिचे रूपांतर करावे लागते. त्यामुळे वेष्टनावरील नाव एकच असले, तरी आतील वस्तू पुष्कळदा भिन्न असते. या व्यवसायातील बरेचसे वाद ह्यातूनच उद्भवले आहेत.

प्रारंभी खेळयंत्राचा उत्पादकच त्यावरील खेळ तयार करीत असे. अमेरिकेतील अटारी कंपनीतून बाहेर पडलेल्या काही आज्ञावलीकारांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली व केवळ खेळ प्रकाशित करणारा स्वतंत्र व्यवसाय सुरू झाला. १९८२ मध्ये कोलेको कंपनीने निन्टेंडोच्या ‘डाँकी काँग’ या खेळाचे हक्क मिळवून तो आपल्या कोलेकोव्हिजन यंत्राबरोबरच दिला. शिवाय अटारी २६०० व मॅटेलचे इंटेलिव्हिजन या प्रतिस्पर्धी यंत्रांसाठीही तो विकला. या दोन्ही आवृत्त्या कोलेकोव्हिजनवरील आवृत्तीहून पुष्कळच उण्या होत्या. स्वतःचे यंत्र उठून दिसावे म्हणून असे केल्याचा संशय तेव्हा व्यक्त झाला. परंतु अटारीच्या यंत्रात कार्यकारी स्मृती अवघी १२८ बाइट होती, हेही लक्षात घेणे न्याय्य ठरेल.

अमेरिकी बाजार १९८३ मध्ये कोसळल्यानंतर तेथे निन्टेंडोचे वर्चस्व प्रस्थापित झाले. तिच्या यंत्रात बसविलेल्या कुलूपवजा चकतीमुळे अनुमतीवाचून तयार केलेला खेळ त्यावर चालत नसे. अनुमतीच्या अटीही कडक होत्या : प्रकाशकाने वर्षाला पाचच खेळ काढावेत, काडतुसे निन्टेंडोकडूनच बनवून घ्यावीत आणि तो खेळ दोन वर्षे अन्य यंत्रावर आणू नये. त्यामुळे बहुयंत्रीय प्रकाशन तेथे जवळजवळ थांबले. सेगाचे जेनेसिस यंत्र १९८९ मध्ये अमेरिकेत आल्यावर व निन्टेंडोची अनन्यतेची अट १९९० च्या सुमारास शिथिल झाल्यावर ते पुन्हा वाढीस लागले. १९९२ मध्ये ‘सेगा विरुद्ध ॲकोलेड’ या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने, सुसंगत खेळ तयार करण्यासाठी यंत्रातील आज्ञावलीचा उलगडा करणे ही प्रताधिकार कायद्यानुसार न्याय्य वापराची बाब ठरविली.

जाहिरातीच्या दृष्टीने ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हे उदाहरण महत्त्वाचे आहे. मिडवे कंपनीचा हा नाणेयंत्रावरील खेळ अक्लेम या प्रकाशकाने १३ सप्टेंबर १९९३ रोजी, सोमवारी, सुपर निन्टेंडो, जेनेसिस, गेम बॉय व गेम गिअर या चार यंत्रांवर एकाच वेळी आणला. चित्रपटाप्रमाणे खेळालाही प्रदर्शनाची निश्चित तारीख असावी, ही कल्पना तोवर रुळलेली नव्हती. एक मुलगा रस्त्यात उभा राहून खेळाचे नाव ओरडतो आणि चहूकडून मुले धावत येतात, अशी दूरचित्रवाणीवरील जाहिरात होती. ती चारही आवृत्त्यांना सारखीच लागू होती. खेळ मात्र सारखे नव्हते. निन्टेंडोच्या धोरणानुसार तिच्या यंत्रावरील आवृत्तीत रक्ताऐवजी करड्या रंगाचा घाम दाखविण्यात आला व काही क्रूर दृश्ये बदलण्यात आली. जेनेसिसवर कळांचा ठराविक क्रम दाबल्यास रक्त दिसे. गेम बॉयच्या पडद्यावर तर एकाच रंगाच्या चार छटांखेरीज काही नव्हते. चित्र व ध्वनी यांत सरस असूनही सुपर निन्टेंडोवरील आवृत्ती विक्रीत मागे पडली. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सेनेटमध्ये खेळांतील हिंसेविषयी सुनावणी झाली व १९९४ मध्ये वयानुसार वर्गीकरण करणारे मंडळ व्यवसायानेच स्थापन केले. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात निन्टेंडोने रक्त राहू दिले.

पुढे काडतुसाची जागा स्वस्त तबकडीने घेतली. रेंडरवेअर, अनरियल, युनिटी यांसारखे तयार आज्ञावलीसंच वापरात आल्याने रूपांतराचे श्रम घटले. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांची अंतर्रचना बरीचशी सारखी झाल्यावर ते आणखी सुकर झाले. तथापि प्रत्येक यंत्रोत्पादक स्वतःची तांत्रिक चाचणी घेतो व आपल्या विक्रीदालनातून होणाऱ्या विक्रीवर सामान्यतः ३० टक्के वाटा घेतो. काही वेळा यंत्रोत्पादकाशी करार करून खेळ ठराविक काळ एकाच यंत्रावर ठेवला जातो; उदा., ‘राइज ऑफ द टूम रेडर’ एक्सबॉक्सवर २०१५ मध्ये, तर प्लेस्टेशनवर २०१६ मध्ये आला. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळही ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेंडो स्विचवर व ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर प्रकाशित झाला.

जाहिरात सर्वांत समर्थ यंत्रावरील दृश्यांची आणि विक्री सर्वच यंत्रांसाठी, या प्रथेतील धोका पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट कंपनीच्या ‘सायबरपंक २०७७’ या खेळाने उघड केला. १० डिसेंबर २०२० रोजी तो संगणकाबरोबरच प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या तोवर सात वर्षे जुन्या झालेल्या यंत्रांसाठीही विकण्यात आला. समीक्षकांना आगाऊ प्रती दिल्या त्या संगणकासाठीच्या. जुन्या यंत्रांवर खेळ अडखळे, चित्रे अर्धवट उमटत व मध्येच तो बंद पडे. मागणी आधीच नोंदविणाऱ्या ग्राहकाला हे कळण्याचा मार्ग नव्हता. चार दिवसांनी कंपनीने, जुन्या यंत्रांवरील खेळ आधी न दाखविल्याबद्दल क्षमा मागितली. सोनीने त्याच महिन्यात तो आपल्या विक्रीदालनातून काढून टाकला व पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो परत ठेवताना प्लेस्टेशन ४ वर अजूनही अडचणी येतील, अशी सूचना देण्यात आली. अमेरिकेतील भागधारकांचा दावा कंपनीने १८.५ लाख डॉलर देऊन मिटविला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला खेळाचा पुरवणी भाग जुन्या यंत्रांसाठी काढण्यातच आला नाही.